जुनी पिकअप आणि उष्णतेचा जमाखर्च



मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. ही यात्रा पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे बैल घेणारा जाणता शेतकरी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो. आणि एवढ्यावर त्याचे समाधान होत नाही, म्हणून बैलाला चालवूनही पाहतो. दावणीला उभा असलेला प्रत्येक बैल चांगलाच दिसतो, खोड कळते ती मानेवर जू आल्यावर, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

आज शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत बैलाची बरीचशी कामे पिकअप गाडीकडे गेली आहेत. भात, पेंढा, विटा, भेंडी, काकडी असा सारा माल तिच्या हौद्यातून बाजाराला जातो. नवी गाडी परवडत नाही, म्हणून पुष्कळजण जुनी घेतात. पण बैलाची एवढी कसून पारख करणारी आपली माणसे गाडी घेताना मात्र टायरवर एक लाथ मारतात, गावाभोवती एक चक्कर टाकतात आणि बयाणा देऊन मोकळी होतात!

किन्हवलीकडच्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने असेच केले. घरची शिल्लक आणि आईचे दागिने गहाण ठेवून आणलेले पैसे घालून त्याने जुनी पिकअप घेतली. पाहायला गेला तेव्हा इंजिन गरम होते. "आत्ताच भाडे टाकून आलो," असे मालक म्हणाला. चार मिनिटांची चक्कर झाली आणि व्यवहार ठरला. तिसऱ्या आठवड्यात सव्वा टन तांदूळ भरून तो माळशेज घाटातून ओतूरकडे निघाला. अर्ध्या घाटात बॉनेटखालून वाफेचे लोट येऊ लागले. घाबरून त्याने रेडिएटरचे झाकण फिरवले आणि उसळलेल्या पाण्याने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. इंजिनाचे हेड वाकले ते वेगळेच. त्या हंगामाची सारी कमाई दुरुस्तीत गेली.

हाताला पट्टी बांधून तो मला भेटायला आला तेव्हा त्याचा एकच प्रश्न होता. "सर, घेताना काटा तर मधोमध होता. मग मला कळले का नाही?"

प्रश्न भौतिकशास्त्राचा होता. त्याचे उत्तर आपण आता शोधू.

दहा इस्त्र्या

एक लिटर डिझेल जळले की सुमारे ३ कोटी ६० लाख जूल उष्णता निघते. ढोबळ मानाने तिचा एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला जवळपास तेवढाच भाग इंजिनाच्या धातूत शिरतो. हा शेवटचा वाटा बाहेर काढून टाकण्याचे काम रेडिएटरचे असते. इंजिनाभोवती खेळणारे पाणी उष्णता उचलते, पंप ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरवतो आणि पंख्याची किंवा गाडीच्या वेगाने येणारी हवा ती उष्णता घेऊन जाते.

या साध्या वाटणाऱ्या युक्तीला वेळ लागला. १८८८ साली बेर्टा बेंझ हिने पतीने बनवलेल्या मोटारीतून सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा इंजिनाभोवतीचे पाणी सरळ वाफ होऊन उडून जाई आणि वाटेत मिळेल तेथे पुन्हा पाणी भरावे लागे. पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख याने हजारो बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. हवेला लागणारा पृष्ठभाग प्रचंड वाढल्यामुळे थोडे पाणी पुन:पुन्हा वापरता येऊ लागले. आजच्या रेडिएटरचे तत्त्वही तेच आहे.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या घाटाचा हिशेब करू. मालासह गाडीचे वस्तुमान ३००० किलोग्रॅम आणि चढाची उंची ४०० मीटर धरू. ही उंची गाठण्यासाठी लागणारी ऊर्जा ३००० × ९.८ × ४००, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख जूल. जवळजवळ तेवढीच उष्णता रेडिएटरच्या वाट्याला येते. चढाला २० मिनिटे लागली, तर दर सेकंदाला सुमारे १०,००० जूल, म्हणजेच १० किलोवॉट!

घरातली १००० वॉटची इस्त्री डोळ्यांसमोर आणा. अशा दहा इस्त्र्या बॉनेटखाली सतत तापत आहेत आणि त्यांची सारी उष्णता बाहेर काढायची आहे, असे समजा. शिवाय चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये सावकाश चालते, त्यामुळे समोरून येणारी हवाही कमी मिळते. याउलट अंगणात न्यूट्रलमध्ये घरघरणारे इंजिन तासाला जेमतेम पाऊण लिटर डिझेल पिते. तेव्हा रेडिएटरच्या वाट्याला दोनच इस्त्र्या येतात. दोन इस्त्र्यांची उष्णता काढणे अर्ध्या बुजलेल्या रेडिएटरलाही सहज जमते.

चार मिनिटांत काय कळते?

काटा दाखवतो ते तापमान. उष्णता येते किती आणि जाते किती, हे तो सांगत नाही. जमा आणि खर्च सारखे असतील, तर तापमान स्थिर राहते. जमा वाढली की ते चढू लागते. पण ते लगेच उसळत नाही, कारण इंजिनाची उष्माधारकता मोठी असते.

८ लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ३३,६०० जूल लागतात. १५० किलोग्रॅम लोखंड एक अंशाने तापवायला सुमारे ६९,००० जूल. दोन्ही मिळून साधारण एक लाख जूल झाले. आता चांगला रेडिएटर पाण्याचे तापमान ८५ अंश सेल्सिअस आणि हवेचे ३५ असताना १० किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो असे धरू. तो अर्धा बुजला, तर त्याच तापमानाला तो ५ किलोवॉटच टाकील. उरलेले ५ किलोवॉट धातूत आणि पाण्यात साठू लागतील.

न्यूटनने १७०१ साली सांगितलेला शीतनाचा नियम तुम्ही शिकला आहात. वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतला फरक जितका जास्त, तितकी उष्णता वेगाने बाहेर पडते. अर्ध्या रेडिएटरला १० किलोवॉट बाहेर टाकायचे तर हा फरक ५० ऐवजी १०० अंश हवा. म्हणजे पाणी १३५ अंशांपर्यंत तापायला हवे. तेथवर ते पोहोचतच नाही, कारण सुमारे १२० अंशांना ते झाकणाच्या दाबालाही न जुमानता उकळू लागते.

आणि १२० अंशांपर्यंत जायला वेळ किती लागतो? या आकड्यांनी हिशेब केला तर उत्तर येते सुमारे २० मिनिटे. पहिल्या ४ मिनिटांत पाणी जेमतेम ११ अंशांनी तापते. तेही भरल्या गाडीने चढ चढताना. रिकाम्या गाडीने सपाटीवर फिरताना काहीच फरक पडत नाही. त्यातून अनेक गाड्यांत काटा मुद्दामच असा बसवलेला असतो की, पाच-दहा अंशांच्या चढउताराने तो हलत नाही. माझ्या विद्यार्थ्याला कळले नाही ते यामुळे. काट्याने खोटे सांगितले नव्हते. त्याला योग्य प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

पहिली पारख : थंड गाडी

जुनी गाडी सकाळी लवकर पाहायला जावे आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगावे, "काका, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर प्रथम बॉनेटवर आणि मग रेडिएटरवर तळहात ठेवावा. इंजिन आधीच गरम केलेले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. कारण पुढच्या साऱ्या तपासण्या थंड इंजिनावरच करता येतात.

रेडिएटरचे झाकण फक्त थंड असतानाच उघडायचे. काही गाड्यांत ते वेगळ्या टाकीवर असते, नियम तोच. हे झाकण म्हणजे एक प्रकारचा प्रेशर कुकर आहे. त्याच्या स्प्रिंगमुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळपास एका वातावरणाने जास्त राहू शकतो आणि पाण्याचा उत्कलनांक सुमारे १२० अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी झाकण काढले तर दाब एकदम उतरतो आणि १२० अंशांचे पाणी १०० अंशांवर येताना स्वत:च्याच उष्णतेने उकळते. दर लिटरमागे २० × ४२०० = ८४,००० जूल सुटतात. वाफेची अप्रकट उष्णता ध्यानात घेतली, तर त्यांनी ३७ ग्रॅम पाण्याची वाफ होते. आकडा लहान वाटतो ना? पण ती वाफ सुमारे ६० लिटर जागा व्यापते! वाट मिळेल तेथून ती उरलेले उकळते पाणी घेऊन उसळते. माझ्या विद्यार्थ्याचा हात भाजला तो असा. म्हणून गरम गाडीचे झाकण कोणीही, कधीही उघडू नये.

थंड झाकण उघडल्यावर आत काय दिसते ते पाहावे. स्वच्छ रंगीत कूलंट असेल तर उत्तम. मात्र नवा कूलंट कालच ओतलेला असू शकतो, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये. तांबूस गढूळ पाणी म्हणजे गंज. तेलाचा तवंग असेल तर तेल आणि पाणी आत कोठेतरी भेटत आहेत. तोंडाशी पांढरा खडबडीत थर दिसला तर तो क्षारांचा. आपल्याकडे पुष्कळ चालक विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरतात. त्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर कॅल्शियम कार्बोनेट होऊन नळ्यांच्या आत बसते. तुमच्या घरी पाणी तापवण्याच्या भांड्यात बसतो तोच हा थर. त्याच्यापेक्षा ॲल्युमिनियम उष्णतेचे शंभरपटीहून अधिक चांगले वाहक आहे. म्हणजे एक मिलिमीटर थर हा दहा सेंटिमीटरहून जाड ॲल्युमिनियमच्या भिंतीइतका अडथळा करतो!

झाकणाचे रबरही पाहावे. ते चिरलेले असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी १०० अंशांनाच उकळते. आपल्या मघाच्या हिशेबात मग २० मिनिटांऐवजी सहाच मिनिटे मिळतात. त्यानंतर डिपस्टिक काढून पाहावी. तिच्यावरचे तेल दुधाळ कॉफीसारखे असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. तेल भरायच्या झाकणाखाली मात्र पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने थोडी साय धरते, तेवढ्यावरून गाडीला दोष देऊ नये. शेवटी रेडिएटरच्या पत्र्यांत चिखल, किडे किंवा पेंढा अडकला आहे का, हे पलीकडून विजेरीचा उजेड टाकून पाहावे.

दुसरी पारख : इंजिन सुरू झाल्यावर

आता जाणत्या मेकॅनिकला हाताशी घ्यावे. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन एक-दोन मिनिटेच चालवतात आणि पाण्यात डोकावतात, तेही चेहरा दूर ठेवून. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे काही बुडबुडे येतात आणि थांबतात. पण ते येतच राहिले, तर सिलिंडरमधला वायू हेड गॅसकेट ओलांडून पाण्यात शिरत आहे. पूर्वी कधीतरी गाडी तापल्याची ही खूण असते. पुष्कळ इंजिनांत हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक लोखंडाचा असतो. ॲल्युमिनियम तेवढ्याच तापमानवाढीला सुमारे दुप्पट प्रसरण पावते. इंजिन फाजील तापले की दोघांची ओढाताण होते, हेड वाकते आणि मधली गॅसकेट उघडी पडते.

सायलेन्सरमधला पांढरा धूरही समजून पाहावा. एक लिटर डिझेल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. थंड सकाळी ते वाफारा होऊन दिसणारच. इंजिन चांगले गरम झाल्यावरही पांढरा वाफारा थांबला नाही, तर मात्र पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याची शंका घ्यावी. गाडी 'पाणी खाते' असे चालक म्हणतात, ते हेच.

मग झाकण लावून वरचा रबरी पाइप चाचपावा. पंखा आणि पट्टा यांपासून हात, ओढणी, बाह्या दूर ठेवाव्यात. विजेवर चालणारा पंखा तर इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. हा पाइप बराच वेळ थंड राहून मग एकदम गरम व्हायला हवा. कारण मध्ये थर्मोस्टॅट असतो. त्यातले मेण साधारण ८० अंशांच्या पुढे वितळून फुगते आणि पाण्याची वाट उघडते. पाइप पहिल्यापासूनच हळूहळू तापत गेला, तर थर्मोस्टॅट काढून टाकलेला असण्याचा संभव आहे. तापणाऱ्या गाडीवर हा एक सोपा उपाय म्हणून केला जातो. त्याने मूळ दुखणे बरे होत नाही, नुसते झाकले जाते.

काटा थंडीपासून मध्यापर्यंत चढतो का, हेही पाहावे. मुळीच न हलणारा काटा शुभ नव्हे. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच गळून गेले तर तो कोरडा पडतो आणि इंजिन भाजून निघत असतानाही काटा खाली राहू शकतो.

तिसरी पारख : चढ

शहापूर तालुक्यातल्या कसाऱ्याला गेला असाल, तर गाडीला मागून जादा इंजिने जोडताना पाहिली असतील. १८६५ साली सुरू झालेल्या थळ घाटाच्या लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. सपाटीवर सहज धावणाऱ्या गाडीला तेथे आणखी जोर लागतो. पिकअपचेही तसेच आहे. म्हणून मालकाची परवानगी घेऊन, डिझेलचा खर्च आपण सोसून, परवानगीइतका माल भरून गाडी किमान २० ते ३० मिनिटे चढावर चालवावी. काटा मध्याच्या वर सरकू लागला तर हट्ट न करता बाजूला थांबावे.

परत आल्यावर गाडी पाच मिनिटे न्यूट्रलमध्ये चालू ठेवावी. आता वाऱ्याची मदत नसते, तेव्हा पंख्याची परीक्षा होते. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावी. ८ लिटर पाणी ३० पासून ९० अंशांपर्यंत तापले की सुमारे पाव लिटरने फुगते. हे जादा पाणी शेजारच्या बाटलीत जाते आणि निवल्यावर परत ओढले जाते. बाटलीतली पातळी सकाळच्या खुणेवर आली नाही, तर पाणी कोठे गेले याचा शोध घ्यावा.

सरळगावची गाडी

हात बरा झाल्यावर काही महिन्यांनी माझ्या विद्यार्थ्याने पहिली गाडी मोडीच्या भावात विकली आणि दुसरी पाहिली, सरळगावजवळ. या वेळी मीही गेलो. गाडी थंड होती, तेल स्वच्छ होते, बुडबुडे नव्हते, थर्मोस्टॅट जागेवर होता. अंगणात तिने एकही खोड दाखवली नाही. मग आम्ही तांदळाची पोती भरली आणि माळशेजच्या रस्त्याला लागलो. चढ लागून दहा-बारा मिनिटे झाली आणि काटा वर सरकू लागला. आम्ही थांबलो.

सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटले ते मालकाला. "अहो सर, माझी गाडी कधी तापलीच नाही!" ते म्हणाले. ते खरेच बोलत होते. त्यांची गाडी सरळगाव ते कल्याण अशीच धावायची. त्या वाटेवर घाट नाही. दुखणे इंजिनात नव्हते. रेडिएटर उतरवून उघडला तेव्हा कित्येक नळ्या क्षारांनी बुजलेल्या निघाल्या. त्या साफ झाल्या, नवे झाकण आणि कूलंट आले आणि आम्ही पुन्हा तोच चढ तीच पोती घेऊन चढलो. काटा हलला नाही. साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करून सौदा झाला. ती गाडी आज ओतूरपर्यंत ये-जा करते.

करून पाहा

एकाच आकाराचे दोन डबे घ्या. दोन्हींत शिक्षकांच्या देखरेखीखाली सुमारे ८० अंशांचे पाणी सारखेच भरा. एका डब्याला जाड फडके गुंडाळा. हा आपला बुजलेला रेडिएटर. दर दोन मिनिटांनी दोन्हींचे तापमान लिहा आणि आलेख काढा. पहिल्या दोन मिनिटांत दोघांत किती फरक दिसतो? वीस मिनिटांनी किती? केवळ पहिल्या दोन नोंदींवरून कोणता डबा कोणता हे तुम्ही खात्रीने सांगू शकला असता का?

तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी जुनी गाडी घेणार असेल, तर हा आलेख त्यांना जरूर दाखवा.